डाव्या अंगाचे शब्द

इंग्रजी कागद वाचायला मला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो. कचेरीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्यांचा समज असा की मी फार काळजीपूर्वक वाचतो. खरी गोष्ट वेगळी आहे. ओळीत 'पे' हा शब्द आला की त्याच्या पुढचं डोळ्यांना दिसण्याआधी मला एक आवाज ऐकू येतो. मोठा, जरा नाकातला, पुढे चालणाऱ्या माणसाने मान न वळवता मागच्याला हाक द्यावी तसा. 'पे!' एवढं म्हणून तो थांबतो. मी मनात 'अटेन्शन' म्हणेपर्यंत थांबूनच राहतो. कागदावर 'पे' नंतर दुसरंच काही असलं, भाड्याचं किंवा पगाराचं, तरी आधी ते म्हणावं लागतं. मग पुढच्या ओळीवर जाता येतं. माझ्या बायकोलाही मी हे सांगितलेलं नाही.

तो आवाज माझ्या मावसभावाचा आहे. तो इंझोरीचा, माझ्यापेक्षा थोडा मोठा. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. आम्ही दोघं वाशीमला एका खोलीत राहून मॅट्रिकचा अभ्यास करत होतो. पीठ, डाळ, तिखट घरून यायचं. भाकरी तो थापायचा, भांडी मी घासायचो. तो आदल्या वर्षी एकदा बसला होता आणि फक्त इंग्रजीत राहिला होता. बाकी सगळ्या विषयांत तो माझ्याहून पुढे. त्याला रेल्वेत टिकिटबाबू व्हायचं होतं. संध्याकाळी तो मला ओढून स्टेशनावर न्यायचा आणि खिडकीच्या जाळीमागे बसलेल्या बाबूकडे बघत उभा राहायचा. "मॅट्रिक झालो का मी तठीसा बसतो," म्हणायचा. "तू टिकिट घ्याले आला का मी तुले म्हणीन, सुटे पैसे आण बे, मंग ये."

माझे मावसाजी, म्हणजे त्याचे वडील, घरचे बरे शेतकरी. बैलांचे जाणकार म्हणून आसपासच्या गावांतले लोक जोडी विकत घेताना त्यांना सोबत नेत. त्यांना मुलाने नोकरी करावी असं वाटत नव्हतं, पण त्यांनी अडवलंही नाही. "इंग्रजी निंगाली तं जाय. नाई निंगाली तं वावर हाय," एवढंच त्यांचं म्हणणं. म्हणजे सगळं त्या एका पेपरावर येऊन ठेपलं होतं.

इंग्रजीचे मास्तर पुण्याकडचे होते. त्यांची बोली आम्हाला ऐटबाज वाटायची, आमची त्यांना ऐकूच येत नसावी. भावाच्या निबंधात 'बिग रेन' असं लिहिलेलं त्यांनी एकदा वर्गात मोठ्याने वाचलं. सगळे हसले. मास्तर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "अरे, तुमच्याकडे ताप काय करतो? येतो, चढतो, उतरतो. ताप उगवतो असं तुम्ही म्हणता का? नाही म्हणत. का नाही म्हणत?"

भाऊ म्हणाला, "कोनीच म्हणत नाई, सर."

"बरोबर. आई म्हणत नाही, म्हणून तुम्ही म्हणत नाही. इंग्रजीत तुम्हाला आई नाही, राजांनो. पोरक्या माणसाने पाठ करावं. हेवी रेन. टेल अ लाय. कीप अ प्रॉमिस. कुठला शब्द कुणाबरोबर नांदतो ते कानाला कळलं पाहिजे. आणि लिहून घेऊ नका. लिहिलं की तुम्हाला वाटतं, आलं. तोंडाने म्हणा."

त्या दिवशी खोलीवर येताना भाऊ वाटेतल्या एका जुंपलेल्या गाडीकडे बघत चालला होता. मग एकदम म्हणाला, "अबे, हे तं जोडीचं काम हाय."

"कायचं?"

"बैलाचं. डाव्या अंगाचा बैल उजवीकडं जुपून पाह्य बरं. तोंड वाकडं करते, जू पाडते. तसंच हाय हे. 'हेवी' डाव्या अंगाचा, 'रेन' उजव्या अंगाचा. मी डावा, तू उजवा. मी म्हणीन 'हेवी', तू म्हण 'रेन'. चाल."

एवढ्यावर आमचा अभ्यास सुरू झाला. पद्मतीर्थ तळ्यावर धोतरं धुताना, बाजारातून वांगी आणताना, शाळेच्या वाटेवर तो पुढे आणि मी मागे. तो हाक द्यायचा, मी ओ द्यावी तसा जोडीतला उरलेला शब्द द्यायचो. 'कॅच!' 'कोल्ड.' 'डीप!' 'स्लीप.' 'शेड!' 'टिअर्स.' सुट्टीत इंझोरीला गेलो की तो वखरावर उभा राहून तिथून ओरडायचा आणि मी शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून उत्तर द्यायचो. बैलांना त्याचं सगळंच सारखं; 'टेक!' म्हटलं तरी ते चालायचे.

वाशीमला आमच्या खोलीखाली चहाचं हॉटेल होतं. हॉटेलवाल्याला या हाका तोंडपाठ झाल्या होत्या. भाऊ जिन्यावरून 'स्ट्राँग!' म्हणाला की मी तोंड उघडायच्या आधी तो खालून 'टी!' ओरडायचा आणि गिऱ्हाइकांना सांगायचा, "माह्या म्हशीलेबी येऊन राह्यली आता इंग्रजी. परीक्षेले बसवतो यंदा तिले." भाऊ वरून म्हणायचा, "बसवा, बसवा. पण दूध कोनाचं पानी घालून इकान मंग?"

आम्हाला फार मजा वाटायची. माझं इंग्रजी सुधारत होतं हे मलाही कळत होतं. अर्धं वाक्य कानावर पडलं की उरलेलं आपोआप तोंडात यायचं. विचार करावा लागत नव्हता. त्याचं काय होत होतं, हे मी पाहिलं नाही.

मास्तरांनी पाहिलं. एकदा पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर ते संध्या करायला आले होते आणि आम्ही खाली कपडे आपटत होतो. परत जाताना ते आमच्याजवळ थांबले. "नेहमी हाच हाक देतो का रे?" त्यांनी विचारलं. आम्ही हो म्हणालो. "मग बाजू बदला. उत्तर देणाऱ्याचं डोकं चालतं. हाक देणारा नुसता ओरडतो."

त्याच संध्याकाळी आम्ही बदलून पाहिलं. मी म्हणालो 'पे', तो म्हणाला 'मनी', मग म्हणाला, "नाई नाई, थांब." मी म्हणालो 'कीप'. तो म्हणाला, "अबे, मले तं तुहाच आवाज ऐकू येऊन राह्यला मनात. तू सांगितल्याबिगर सुचत नाई." आम्ही दोघं हसलो. मलाही हाका देताना अडखळायला होत होतं, आणि परीक्षा जवळ आली होती. मी म्हणालो, "आता नको बदलायला, गोंधळ होईल." तो म्हणाला, "हाव, बैलबी बिघडतात मधातच बाजू बदलली का."

हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. पण 'नको' हा शब्द माझा होता. तो उच्चारताना माझ्या मनात त्याचा पेपर नव्हता, माझाच होता. उत्तर देणारा मी होतो आणि मला ते सोडवत नव्हतं.

परीक्षेचं केंद्र अकोल्याला. इंग्रजीच्या पेपरात रिकाम्या जागा होत्या. पहिला शब्द दिलेला होता, भरायचा होता त्याच्या जोडीचा. मी वाचत गेलो आणि कानात त्याची हाक ऐकत भरत गेलो. बाहेर आलो तर तो लिंबाच्या झाडाखाली उभा होता. मला बघून हसायला लागला.

"काय झालं?"

"अबे, तठीसा 'पे' छापेल होतं, पुढं जागा. म्या मनात 'पे' म्हटलं अन् तुही वाट पाह्यली. तू तं पार तिकडं खिडकीपाशी बसेल. असं वाटलं का उठावं अन् हाक मारावी."

"मग?"

"मंग काय! दुसऱ्यावर गेलो. तठीसाबी तसंच." आणि तो पुन्हा हसला. मीही हसलो. त्या हसण्याचा आवाज मला फार दिवस ऐकू यायचा, त्याचा नव्हे, माझा.

मी पास झालो. तो पुन्हा फक्त इंग्रजीत गेला.

मावसाजींनी रागावून काही म्हटलं नाही. "आखरी साल," ते म्हणाले. "या साली घरी राहून अभ्यास कर, काम कर. चैतात परीक्षा दे. नाई झालं तं मले पुन्हा इच्यारू नोको." भाऊ शेतावर राबायला लागला. मला मंगरूळपीरच्या तहशिलीत कारकुनाची उमेदवारी मिळाली.

निघताना मी त्याला सांगितलं की दर सुट्टीला इंझोरीला येईन आणि या वेळी हाका मी देईन. त्याने उजव्या अंगाला चालायचं. "चाल," तो म्हणाला. "पाहू तू डाव्या अंगानं किती वढतं तं."

पहिल्या रविवारी मी गेलो. पुढच्या रविवारी साहेबांनी काम दिलं, ते खरं होतं. त्याच्या पुढच्या वेळी थकलो होतो. मग दर्ग्याचा उरूस भरला आणि कचेरीतल्या मित्रांबरोबर तिकडे गेलो. मग न जाण्याचीच सवय झाली. तो एकदा बाजाराला बैलांची दमणी जुंपून मंगरुळात आला आणि तहशिलीच्या व्हरांड्यात माझी वाट पाहत बसला. धोतर गुडघ्यापर्यंत, हाताला मातीचा वास. मी बाहेर आल्याबरोबर त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने म्हटलं, "हां, दे हाक!" माझ्याबरोबरचे दोन कारकून हसले. मी त्याला हळू आवाजात म्हणालो, "भाऊ, इथं नको. रविवारी येतो." तो म्हणाला, "हाव, हाव. साहेब झाला तू." त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच आनंद झाला होता.

त्या रविवारीही मी गेलो नाही.

माघ सरत असताना इंझोरीचा एक माणूस कामासाठी तहशिलीत आला, त्याच्याकडून कळलं की भावाला मुदतीचा ताप आहे. मी रजा मागून त्याच्याबरोबरच निघालो. पोचलो तेव्हा दिवे लागत होते. ओसरीत बाज टाकलेली, तिच्यावर तो. डोकं भादरलेलं, ओठ काळे पडलेले. मावसाजी वैदूला आणायला शेजारच्या गावी गेले होते. मावशी उशाशी बसून कपाळावर पाण्याची पट्टी फिरवत होती. शेजारची दोन-तीन माणसं भिंतीला टेकून उकिडवी बसली होती.

मावशी मला बघून म्हणाली, "आला गा बावा. पाह्य, कोनाले वयखत नाई."

तेवढ्यात त्याने डोळे न उघडता म्हटलं, "हेवी."

आणि थांबला.

भिंतीजवळचा एक जण दुसऱ्याला म्हणाला, "दुपारपासून हेच चाललं. कोनाले बलावून राह्यला हा?"

"कोन बाई हाय ही हेवी?" दुसरा म्हणाला. "इकडच्या गावची तं नाई."

ती माणसं थट्टा करत नव्हती. त्यांना खरंच भीती वाटत होती. मला मात्र सगळं कळलं. तो थांबला होता, चेहरा किंचित वळवून, माझ्याच बाजूला. मी बाजेजवळ गेलो आणि तोंड उघडलं.

मावशीने झडप घालून माझं मनगट धरलं. "ओ देऊ नोको!" ती म्हणाली. "दिवेलागनीले तापातला माणूस हाका माराले लागला का ओ नाई द्या लागत. जो ओ देते त्याले घेऊन जाते. हाक त्याची नसते. तू माह्या बहिणीचा एकुलता एक हायस."

आमच्याकडे हे सगळेच मानतात. लहानपणी मीही मानायचो. पण मी मॅट्रिक पास झालेला, सरकारी कचेरीत बसणारा माणूस होतो. ती हाक कुणाची आहे आणि तिचं उत्तर काय आहे, हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. मावशीचा मान राखला असं मला म्हणता येईल, आणि लोकांना मी तसंच सांगत आलो. पण खरं हे की मी भ्यालो. उघडलेलं तोंड मी मिटलं. तो 'कीप' म्हणाला, थांबला. 'टेक' म्हणाला, थांबला. मी मावशीच्या मुठीतून मनगट सोडवलंसुद्धा नाही.

मग जे झालं ते मला कुणी विचारलं तर मी सांगू शकत नाही, म्हणून इथे लिहितो.

तो म्हणाला, "पे." पुष्कळ वेळ थांबला. आणि मग ओसरीत माझा आवाज आला.

"अटेन्शन."

मी बोललो नव्हतो. माझं तोंड बंद होतं. पण तो माझाच आवाज होता, बारीक, घाईघाईचा, शेवट गिळून टाकणारा. भिंतीजवळची माणसं ताडकन उठली. मावशी ओरडली, "कोन बोललं? दुसरं कोन बोललं?" भाऊ डोळे मिटून पडला होता आणि त्याचेच काळे ओठ हलत होते. "कॅच," तो त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला. आणि माझ्या आवाजात, "कोल्ड." "शेड." "टिअर्स." एकामागून एक. कुठेही चूक नाही, कुठेही अडखळणं नाही. ज्या जोड्या मी त्याला कधी सांगितल्या नव्हत्या त्याही, मास्तरांनी वर्षाच्या शेवटी घाईने सांगितलेल्या.

त्या माणसांना वाटलं की अंगात कुणीतरी शिरलं. एक जण उदी आणायला धावला. मला कळलं की तो वर्षभर शेतात हे करत होता. बैलांमागे चालताना आधी स्वतः हाक द्यायची, मग माझी नक्कल करून माझ्या आवाजात उत्तर द्यायचं. त्याला उत्तर माझ्या आवाजातच सुचायचं, मग मी नसताना त्याने तो आवाजच शिकून घेतला. उजव्या अंगाचंही काम त्याने एकट्याने ओढलं होतं.

दोन दिवसांनी तो गेला. शुद्धीवर आला नाही.

त्यानंतर मावसाजी कामानिमित्त तहशिलीत येऊ लागले. काम नसलं तरी येत. व्हरांड्यात बसत, मी बाहेर आलो की बरोबर चालत. पहिल्याच वेळी त्यांनी विचारलं, "मले एक सांग. तो पास झाला असता का?"

मी म्हणालो, "हो, मावसाजी. नक्की झाला असता."

मला वाटलं, बापाला बरं वाटेल. ते वाटेतच उभे राहिले. "मंग म्या त्याले वावरात काहून जुपला?" ते म्हणाले. "घरी बसवला असता. तापात पडलाच नसता. एवढी इंग्रजी येत होती तं म्या त्याले बैलामागं काहून फिरवला?"

पुढच्या वेळी त्यांनी तेच विचारलं आणि मी तेच सांगितलं. त्याच्या पुढच्या वेळीही. दर वेळी ते थोडे अधिक वाकलेले दिसायचे. बैलांची पारख करायला जाणं त्यांनी सोडलं, असं कुणीतरी सांगितलं. 'नाही, झाला नसता' म्हणालो असतो तर त्यांच्या जिवावरचं ओझं हलकं झालं असतं. पण त्याने कमावलेलं मी कसं पुसायचं? आणि तिसरं उत्तर माझ्याजवळ होतं, ते मी देत नव्हतो, कारण ते दिलं असतं तर त्यात मी दिसलो असतो. त्यांना येताना पाहून मी मागच्या दाराने निघून जाऊ लागलो. असं किती वेळा केलं ते मला आठवत नाही, आठवायचं नाही.

शेवटी एकदा ते त्या मागच्या दाराशीच उभे सापडले. उन्हाळा होता. आम्ही दर्ग्याच्या भिंतीच्या सावलीत बसलो. त्यांनी विचारण्याआधी मीच बोललो.

"मावसाजी, वावरात पाठवलं म्हणून काही बिघडलं नाही. वावरातच शिकला तो. वाशीमला येत नव्हतं ते त्याला तिथं आलं. बैलांमागं चालता चालता स्वतःच हाक द्यायचा, स्वतःच उत्तर द्यायचा. त्या दिवशी ओसरीत दुसरं कुणी बोललं नव्हतं. माझा आवाज काढून तोच बोलत होता. सगळं बरोबर बोलला."

त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी सैल झालं. "म्हंजे बैलाले इंग्रजी शिकवून राह्यला होता लेकाचा," ते म्हणाले आणि हसले. हसता हसता उपरण्याने डोळे पुसले. "मी म्हणो, हा वावरात एकला कोनासंग भांडते. म्या एकडाव इच्यारलं, तं म्हणे, जोडीदारासंग बोलून राह्यलो."

त्यांनी उपरणं पुन्हा खांद्यावर टाकलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात, नुसती चौकशी होती, गावचं पाणी-पाऊस विचारावं तशी.

"अन् तू कुठं होता गा?"

मी म्हणालो, "इथंच. मंगरुळात."

ते मान हलवत राहिले. "हाव," ते म्हणाले. "मंगरूळ दूर पडते."

मग ते उठले, जोडा पायात घातला आणि दमणीकडे गेले. त्यानंतर ते पुन्हा तहशिलीत आले नाहीत.